ॲडमिन म्हणजे कोण?

३ फेब्रुवारी, सोमवार

"ॲडमिन म्हणजे कोण?" मोठ्या डॉक्टरांनी आज भर बैठकीत विचारलं आणि मी समोरच्या कागदांत डोकं घातलं.

उत्तर माहीत नव्हतं असं नाही. ॲडमिन म्हणजे आम्ही सगळेच. मी, मास्तर, ज्याला आम्ही इस्त्री म्हणतो तो पोरगा, आणि मशीनच्या कंपनीचा तो माणूस, जो अधूनमधून येतो, आमचा चहा पितो आणि आमच्याच पासवर्डने कामं उरकून जातो. रुग्णालयाच्या सर्व्हरवर काहीही मोठं करायचं तर एकच नाव, एकच पासवर्ड. सर्व्हरला आमची तोंडं दिसत नाहीत. त्याच्या लेखी आम्ही चौघं मिळून एकच माणूस.

झालं असं, की शनिवारच्या रक्ततपासण्यांचे सगळे रिपोर्ट गायब आहेत. सकाळी लॅबच्या बाई जिना उतरून धावतच आमच्या खोलीत आल्या. मी नोंद बघितली. शनिवारी संध्याकाळी कुणीतरी तो अख्खा फोल्डर पुसलाय. कुणी? ॲडमिनने. जुनी प्रत होती, पण शुक्रवारपर्यंतचीच. म्हणजे शनिवारी ज्यांनी रक्त दिलं त्या सगळ्यांना परत बोलवा, परत उपाशीपोटी, परत सुई. एक आजोबा बाही वर करत म्हणाले, "काढा बाई, पण या खेपेला जरा जपून ठेवा." रांगेतले सगळे हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिघांनाही विचारलं. मास्तर म्हणाले, "मी कशाला हात लावू गं त्याला?" इस्त्री खाली बघत म्हणाला, "मी नाही, मॅडम." कंपनीचा माणूस फोनवर नुसता हसला.

आणि मी? शनिवारी लेकीच्या बाईंना भेटायला शाळेत जायचं होतं, त्याआधी मीही घाईघाईत जागा रिकामी करत बसले होते. मी काय काय पुसलं? तो फोल्डर नाही, याची खात्री आहे. बहुतेक खात्री आहे. हे "बहुतेक" दिवसभर पाठ सोडत नाहीये.

४ फेब्रुवारी, मंगळवार

नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याची गाडी शिकवायची शाळा. त्याच्या गाडीत शिकणाऱ्याच्या पायाशी ब्रेक असतो तसा त्याच्याही पायाशी असतो. तो म्हणाला, "ब्रेक दोघांना असतात गं, पण गाडी ठोकली की नाव माझंच लागतं. तुमच्याकडे कुणाचं लागतं?"

"कुणाचंच नाही."

"मग तुझंच लागेल," म्हणाला आणि भांडी विसळायला उठला. हा माणूस धीर द्यायला बसतो आणि आणखी घाबरवून उठतो.

पण बोलला ते खरं. संगणक विभागाचं प्रमुखपद मिळून मला जेमतेम दीड महिना झालाय. आधीच्या बाई निवृत्त झाल्या तेव्हा सगळ्यांना वाटत होतं की इस्त्रीलाच मिळणार. पोरगा हुशार आहे, तरुण आहे, आणि कडक घडीच्या शर्टाशिवाय त्याला कुणी पाहिलेलं नाही, त्यावरूनच हे नाव पडलं. मला मिळालं तेव्हा त्याने हसून अभिनंदन केलं. तोवर मला ताई म्हणायचा, दुसऱ्या दिवसापासून मॅडम म्हणायला लागला. ते मॅडम मला अजून टोचतं.

मास्तरांना तर पद नकोच होतं. त्यांची निवृत्ती वर्षभरावर आलीय. आमच्या इथला पहिला सर्व्हर त्यांनी उभा केला. मला आणि इस्त्रीला त्यांनीच हाताला धरून शिकवलं, म्हणून ते मास्तर.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

ठरलं. सामाईक ॲडमिन बंद.

यापुढे ज्याचं त्याचं आपलं नाव आणि आपला पासवर्ड. काही पुसायचं, बदलायचं, जुनी प्रत परत चढवायची, असलं मोठं काम असेल तर सर्व्हर पुन्हा पासवर्ड विचारेल आणि कुणी काय केलं ते लिहून ठेवेल. ते लिहिलेलं आमच्यापैकी कुणालाच खोडता येणार नाही, मलाही नाही. जुन्या ॲडमिनचा पासवर्ड बदलून, पाकिटात घालून, ते मोठ्या डॉक्टरांच्या कपाटात.

मोठे डॉक्टर खूश झाले. "हेच आधी का नाही केलं?" म्हणाले. यावर काय बोलणार? विश्वास होता म्हणून नाही केलं, असं म्हटलं तर आता विश्वास नाही असा अर्थ होतो.

इस्त्रीने तोच अर्थ काढला. "म्हणजे आमच्यावर पहारा," तो म्हणाला. आवाज चढवला नाही, पण कान लाल झाले होते.

"पहारा नाही रे. उद्या तुझ्यावर खोटा आळ आला तर हीच नोंद तुला वाचवेल."

तो मास्तरांकडे बघत राहिला. मास्तर खिडकीतून वाहनतळाकडे बघत होते. "चांगलं आहे, चांगलं आहे," ते म्हणाले. मग चहा आणायला गेले. माझ्यासाठीही आणला. थोड्या वेळाने परत एक आणला. पहिला कप तसाच टेबलावर होता. माझा चेहरा उतरलेला दिसला असणार त्यांना. असा माणूस आता मिळत नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

नवी पद्धत सुरू झाली. कंपनीच्या माणसालाही वेगळं नाव दिलं, आणि तेही आम्ही उघडू तेव्हाच चालेल असं. त्याने बरीच कुरकुर केली, मी दाद दिली नाही. स्वतःवरच खूश झाले.

पण मास्तर त्रास देतायत. वाईट वाटतं लिहिताना, पण देतायत. सोमवारी पासवर्ड विसरले, मी नवा करून दिला. मंगळवारी विसरले. काल सकाळी विसरले आणि दुपारीही विसरले. सगळ्या आज्ञा तोंडपाठ असलेला माणूस स्वतःचाच एक शब्द कसा विसरेल? मी जरा कडक आवाजात म्हटलं, "मास्तर, तुम्हीच असं केलंत तर बाकीच्यांना मी काय सांगू?" ते ओशाळून हसले आणि मला आधीच्या बाईंच्या नावाने हाक मारून म्हणाले, "बाई, आता नाही विसरणार."

म्हणजे त्यांच्या लेखी अजून त्याच प्रमुख आहेत. कळलं मला. रुसलेत. ज्यांनी सर्व्हर उभा केला त्यांनाच मी दारात थांबवून नाव विचारतेय, असं वाटत असणार त्यांना.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

मास्तरांची तक्रार एकदम थांबली. गुरुवारनंतर एकदाही पासवर्ड मागितला नाही. शांतपणे बसून काम करतात. थोडं कडक बोलल्याचा उपयोग झाला म्हणायचा.

इस्त्रीचं मात्र काही खरं नाही. सारखा मास्तरांच्या टेबलापाशी. खुर्ची ओढून घेतो आणि दोघं कुजबुजतात. मी आत गेले की गप्प. जेवायला एकत्र, निघायला एकत्र. बसच्या थांब्यापर्यंत मास्तरांची पिशवी हा घेऊन जातो. आज मास्तरांच्या एका पायात काळा बूट आणि एका पायात तपकिरी होता. मला हसू आलं, तर इस्त्रीने माझ्याकडे असं पाहिलं की हसू तिथेच विरलं.

रात्री जेवताना नवऱ्याला म्हटलं, "तो मास्तरांचे कान भरतोय माझ्याविरुद्ध."

"कान भरायला पिशवी कशाला उचलावी लागते?" तो म्हणाला.

याला ऑफिसातलं राजकारण कळत नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

जे झालं ते क्रमाने लिहिते.

आज दुपारी वॉर्डातल्या पडद्यांवर सगळे जुने रिपोर्ट दिसायला लागले. गेल्या आठवड्याचे, पण आजचे म्हणून. कुणीतरी जुनी प्रत काढून आजच्या कामावरच चढवली होती. वरच्या मजल्यावर एक म्हाताऱ्या बाई आहेत, त्यांना रक्त पातळ करायचं औषध चालू आहे. त्याचा डोस रोजच्या रिपोर्टवर ठरतो. पडद्यावर जुना आकडा, त्यावरून डॉक्टरांनी डोस लिहिला, दुप्पट. औषध हातात घेऊन सिस्टर निघालीही होती. मेट्रनला सकाळचा आकडा आठवत होता, म्हणून तिने वाटेत अडवलं. तिला आठवलं नसतं तर आतल्या आत रक्तस्राव.

मी जिन्यावर बसले.

मग खाली येऊन नोंद उघडली. या वेळी ॲडमिन नव्हतं तिथे. नाव होतं. स्पष्ट. इस्त्रीचं.

बोलावलं त्याला. म्हटलं, "हे तू केलंस?"

त्याने पडद्याकडे बघितलं. मग मास्तरांच्या टेबलाकडे. मास्तर डब्याचं झाकण घट्ट लावत होते, उघडत होते, परत लावत होते. मग इस्त्री माझ्याकडे वळला.

"हो. मीच केलं."

"का?"

"चूक झाली, मॅडम."

"त्या शनिवारचं पण तूच केलं होतंस ना?"

यावर त्याने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मला कळलं नाही. मी हो धरलं.

२६ फेब्रुवारी, बुधवार

चौकशी मिटेपर्यंत इस्त्रीला घरी बसवलं. त्याचं नाव सर्व्हरवरून मी स्वतः बंद केलं. मोठे डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणाले, "बघा, पद्धत नीट असली की माणूस सापडतो." लोकांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. लॅबच्या बाईंनी पाठीवर हात ठेवला.

जीव भांड्यात पडायला हवा होता. पडला नाही. जाताना त्याने आपलं टेबल पुसलं, खुर्ची आत सरकवली आणि मला म्हणाला, "मास्तरांना घरी जाताना बसपर्यंत कुणीतरी सोडा. रस्ता मोठा आहे."

जाता जाताही टोमणा. रस्ता कधीपासून मोठा झाला? तीस वर्षं त्याच रस्त्याने जातायत ते.

३ मार्च, सोमवार

इस्त्री नाही तर कामाचा ढीग. मास्तर दिवसभर बसून असतात, पण त्यांच्याकडून काहीच पुढे सरकत नाही. शिष्य गेल्याचं दुःख असणार. मी विचारलं तर म्हणतात, "करतोय, करतोय."

संध्याकाळी काकूंचा, म्हणजे मास्तरांच्या बायकोचा फोन आला. "निघाले का हे?" कधीच निघाले होते. तासाभराने परत फोन, पोचले म्हणून. चुकीच्या बसमध्ये बसले म्हणे. काकू कसनुसं हसल्या. "तो पोरगा सुट्टीवर आहे का हो? दिसला नाही." मी म्हटलं, "हो, सुट्टीवर." मग म्हणाल्या, "बरं," आणि फोन ठेवला.

मी खोटं का बोलले?

४ मार्च, मंगळवार

आज कळलं.

बैठकीतून खाली आले तर मास्तर इस्त्रीच्या टेबलाशी बसले होते. पडद्यावर नाव-पासवर्डची चौकट. ते एका बोटाने काहीतरी लिहीत होते, सर्व्हर नाही म्हणत होता, ते परत लिहीत होते. किती वेळ चाललं होतं कुणास ठाऊक. कॉलर घामाने भिजली होती.

"मास्तर, काय झालं?"

"अगं, याचं नाव चालत नाहीये आज."

"कुणाचं नाव?"

"याचंच गं. आपल्या पोराचं. मी रोज त्याच्याच नावाने बसतो ना." मग इकडेतिकडे बघून, हळूच, "जेवायला गेलाय का तो? केव्हाचा गेलाय."

मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसले. दुसरा चहा. विसरलेला पासवर्ड. काळा बूट, तपकिरी बूट. बसपर्यंतची पिशवी. सगळं माझ्या समोर होतं. मी ते बघत होते, वर त्याचा माझा माझा अर्थ लावून रोज इथे लिहीतही होते. मागची पानं आत्ता वाचवत नाहीत.

"हो मास्तर," मी म्हटलं, "जेवायला गेलाय."

"मग ठीक आहे," म्हणाले आणि शांत झाले. मी त्यांना बसपर्यंत सोडायला गेले. रस्ता खरंच मोठा आहे. चार बाजूंनी गाड्या येतात. ते मध्येच थांबले आणि लहान मुलासारखी माझी बाही धरली.

६ मार्च, गुरुवार

दोन दिवस झाले आणि मी कुणाला काही सांगितलेलं नाही. खरं लिहायचं तर असा विचार आला: प्रकरण मिटलंय. इस्त्रीने स्वतः कबूल केलंय. मास्तरांना मी गुपचूप साध्या कामावर बसवीन, वर्षभराचा तर प्रश्न आहे. मोठे डॉक्टर खूश आहेत. ज्या पद्धतीने माणूस सापडला म्हणून माझं कौतुक झालं, तिने भलताच माणूस पकडलाय हे मीच जाऊन कशाला सांगू?

हा विचार मला आला. पूर्ण आला, हातापायांसकट.

लेक विचारत होती, "आई, तू जेवत का नाहीस?" नवऱ्याला काल सगळं सांगितलं. या वेळी त्याने विनोद केला नाही. "त्या पोराच्या घरी जा," एवढंच म्हणाला.

७ मार्च, शुक्रवार

गेले. जुन्या इमारतीत एक खोली आणि स्वयंपाकघर. दोरीवर शर्ट वाळत होते आणि तो खरोखरच इस्त्री करत उभा होता. मला बघून इस्त्री बाजूला ठेवली आणि खुर्चीवरचे कपडे उचलले.

"मास्तर बरे आहेत ना?" त्याने विचारलं. पहिलं वाक्य हे.

मी सांगितलं, मला कळलंय. तो भिंतीला टेकून उभा राहिला. मग बोलायला लागला तर थांबेना.

गेल्या पावसाळ्यापासून चाललं होतं म्हणे. आधी किरकोळ विसरायचे. मग चुका करायला लागले, आणि हा मागोमाग जाऊन त्या दुरुस्त करायचा. सगळं ॲडमिनच्याच नावाने, त्यामुळे चूक कुणाची आणि दुरुस्ती कुणाची हे कुणाला कळायचा प्रश्नच नव्हता. त्या शनिवारी हा लवकर निघाला होता, म्हणून ती एक निसटली. मग मी वेगवेगळी नावं आणली. मास्तरांना पासवर्ड लक्षात राहीना, मी रागावले, ते रडकुंडीला आले. याने आपला पासवर्ड दिला. तो पासवर्ड म्हणजे याचंच गावाकडचं हाक मारायचं नाव, शिकवायच्या दिवसांपासून मास्तरांच्या तोंडात बसलेलं, म्हणून तेवढं त्यांच्या लक्षात राहायचं.

"काकूंना माहीत आहे?"

"आहे. वर्षच राहिलंय, तेवढं ढकलू म्हणाल्या. मीही म्हटलं, ढकलू."

"आणि त्या बाईंना ते औषध गेलं असतं तर?"

त्याचा चेहरा पांढरा पडला. "तेच डोक्यात फिरतंय, ताई. डोळे मिटले की ती सिस्टर ट्रे घेऊन निघालेली दिसते. तुम्हाला वाटतं मी त्यांना वाचवायला हो म्हटलं. तसं नाही. पासवर्ड मी दिला. त्यांना कळत नाही हे मला कळत होतं, तरी दिला. मग माझंच नाव बरोबर आहे की तिथे."

त्याच्याकडून काही चुकलं नाही असं म्हणवत नव्हतं, आणि सगळं त्याचंच चुकलं असंही नाही. निघताना मी म्हटलं, "मी सोमवारी सगळं सांगणार आहे. तुझंही, माझंही."

"मास्तरांना आधी सांगा," तो म्हणाला. "त्यांच्या पाठीमागे नको."

८ मार्च, शनिवार

मास्तरांच्या घरी गेले. काकूंनी दार उघडलं आणि माझ्या तोंडाकडे बघूनच त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी म्हणतच होते, कुणीतरी येणार."

मास्तर आज बरे होते. असे दिवस असतात म्हणे अजून. मी सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. त्यांनी नीट ऐकून घेतलं, मध्ये दोनदा "परत सांग" म्हणाले, मी परत सांगितलं. त्यांना रिपोर्ट चढवल्याचं आठवत नव्हतं. त्या शनिवारचंही नाही. त्यांनी स्वतःचे हात उलटसुलट करून बघितले.

"त्या बाई जगल्या ना?"

"हो. व्यवस्थित आहेत. घरी गेल्या."

"मग सोमवारी मी येतो," ते म्हणाले. काकूंना म्हणाले, "तू लक्षात ठेव. आणि पोराला पण बोलवा."

१० मार्च, सोमवार

मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत आम्ही पाचजण: ते, मी, इस्त्री, मास्तर आणि काकू. मी माझा भाग वाचून दाखवला. नवी पद्धत आणली, पण ती वापरणाऱ्या माणसांकडे बघितलं नाही. एकच माणूस सारखा पासवर्ड विसरतोय हे दिसत असून त्याला रुसवा समजले. कबुली घेतली, ती तपासली नाही.

मोठ्या डॉक्टरांनी इस्त्रीला विचारलं, "तुम्ही खोटं का बोललात?"

तो उत्तर द्यायच्या आत मास्तर उठले. टेबलाची कड धरून उभे राहिले.

"साहेब, मला आठवत नाही. परवा हिने सांगितलं, आज सकाळी बायकोने परत सांगितलं, म्हणून कळलं. पण हा पोरगा माझ्याशी कधी खोटं बोललेला नाही. तुमच्याशी एकदा बोलला, तो माझ्यासाठी. तेव्हा ते काम माझंच. मला आठवत नसलं तरी हात माझेच होते. माझ्या नावावर लिहा."

इस्त्रीने तोंड फिरवलं. मोठे डॉक्टर चष्मा पुसत बसले, आधी पुसून झालेला होता तरी.

मग ते म्हणाले, "मास्तर, माझ्या बापालाही शेवटी असंच झालं होतं. आम्ही घरचे सगळे डॉक्टर. आणि कुणाच्या लक्षात आलं नाही." मग खुर्चीकडे हात करून, "बसा तुम्ही."

निर्णय झाला. मास्तरांच्या तपासण्या इथेच होतील आणि आजारपणाच्या कारणाने त्यांना मानाने निवृत्ती. इस्त्री परत कामावर, पण लेखी ताकीद, आणि या वर्षात पुसण्याबदलण्याची मोठी कामं त्याला नाहीत. तो म्हणाला, "बरोबर आहे." ताकीद मलाही. मी सही केली. ॲडमिनची नव्हे, माझी.

१४ मार्च, शुक्रवार

मास्तरांचं नाव सर्व्हरवरून काढायचं होतं. मी केव्हाही काढू शकत होते, पण ते स्वतः आले, काकूंना घेऊन. म्हणाले, "माझ्यासमोर काढ."

त्यांना आजही पासवर्ड आठवला नाही, आणि आज मला राग आला नाही. सर्व्हरने नेहमीप्रमाणे विचारलं, नक्की काढायचं का? मी त्यांच्याकडे पाहिलं. ते पडद्यावरचं स्वतःचं नाव वाचत होते, ओठ हलवत, एकेक अक्षर.

"काढ," म्हणाले. "नाहीतर कुणीतरी वापरेल."

मग मी, इस्त्री आणि काकू अशा आम्ही तिघांनी कॅन्टीनमध्ये त्यांना चहा पाजला. त्यांनी काकूंच्या कपातली साखर ढवळून दिली. त्यांना सवय होती ती.

३० मार्च, रविवार

गेले दोन आठवडे लिहायला काही नव्हतं, आणि त्याचं मला बरंच वाटलं. काम सुरळीत चालू आहे. अजूनही सकाळी लॅबचा फोन वाजला की छातीत धस्स होतं. ते जाईल की नाही माहीत नाही.

आज इस्त्री आणि मी मास्तरांकडे गेलो होतो. तो दर रविवारी जातोच, मी त्या शनिवारनंतर आजच. काकूंनी फळं कापून ठेवली. मास्तर खिडकीपाशी बसले होते, दाढी केलेली, दोन्ही चपला एकाच जोडातल्या. मला ओळखलं. "काय म्हणतोय सर्व्हर?" विचारलं. मी सांगितलं, ठीक आहे. मग ते एकदम पुढे झुकले, जुन्या दिवसांत झुकायचे तसे, काही महत्त्वाचं विचारायचं असलं की.

"अगं, ते रिपोर्ट पुसले होते कुणीतरी. सापडला का तो?"

काकूंच्या हातातली सुरी थांबली. मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत टेबलाची कड धरून ते स्वतः जे बोलले होते, तेही आता त्यांच्याजवळ नव्हतं.

"सापडला," इस्त्री म्हणाला.

"कोण होता?"

"आपल्यातलाच होता."

मास्तरांनी मान डोलावली. "मग ओरडू नका त्याच्यावर," ते म्हणाले. "मुद्दाम नसेल केलं त्याने. घाबरला असेल बिचारा. कुणीतरी जवळ बसा त्याच्या."

इस्त्रीने आपली खुर्ची थोडी पुढे ओढली.

"बसलोय, मास्तर."